सल्ला सदर: घर विकून शिडाची बोट घ्यावी का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

«मी ५४ वर्षांचा, बँकेत आहे. मार्चअखेर स्वेच्छानिवृत्ती घेतोय. बायको पन्नाशीची, शाळेत शिक्षिका. मुलगी पुण्यात नोकरीला लागली. गेल्या वर्षी गेटवेजवळ छोट्या शिडाच्या बोटीचा दोन शनिवार-रविवारचा कोर्स केला आणि वेडच लागलं. मुलुंडचा फ्लॅट विकून ३६ फुटी सेकंडहँड यॉट घ्यायची, येत्या नोव्हेंबरात मुंबईहून निघायचं आणि तांबड्या समुद्रातून भूमध्य समुद्र गाठायचा, असं ठरवतोय. बायको "तू म्हणशील तसं" म्हणते, पण तिला पोहता येत नाही आणि मांडव्याच्या लाँचमध्येही मळमळतं. आई ७९ वर्षांची, आमच्याजवळच असते. बोट कोणती घ्यावी, बरोबर काय न्यावं, घराचं काय करावं, आणि बोटीला नाव काय ठेवावं?
– दर्यावेडा, मुलुंड»

चार प्रश्न विचारलेत, त्यांत आईंबद्दल एकही नाही. त्यावर येऊच. आधी क्रमाचं बोलू. तुम्ही घर विकणं पहिलं धरलंय, बोट दुसरी, निघणं तिसरं, आणि शिकणं झालंच आहे असं समजून चाललाय. हे सगळं उलटं लावा. आधी शिका, मग दुसऱ्याच्या बोटीवर हात काळे करा, मग बोट घ्या, मग निघा. घर विकायचा विषय त्यानंतर दोन वर्षांनी काढा. तेव्हा बहुतेक तुम्हालाच तो काढावासा वाटणार नाही.

तांबडा समुद्र नकाशावरून आजच खोडा. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या बाजूने जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि त्याच सुमारास सोमाली चाचेही पुन्हा दिसू लागले. मधून मधून तिथे शांतता होते, पण तुमची बोट पाच-सहा नॉटने, म्हणजे ताशी पाच-सहा सागरी मैलांनी चालणार, तेव्हा कुणी मागे लागलं तर पळून जाण्याचा प्रश्नच नाही. शिवाय नवख्या माणसाचा विमा त्या वाटेसाठी कुणी उतरवत नाही. भूमध्य समुद्रच हवा असेल तर तिथे जाऊन बोट घ्या.

नोव्हेंबरही घाईचा. अरबी समुद्रात वादळांचे दोन हंगाम असतात, एक पावसाच्या आधी आणि एक पाऊस सरल्यावर. पहिल्याचा अनुभव मुंबईने ३ जून २०२० ला निसर्गच्या वेळी आणि मे २०२१ मध्ये तौक्तेच्या वेळी घेतलाच आहे. दुसरा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात असतो. ईशान्येचा वारा नीट बसायला डिसेंबर उजाडतो.

तर येता हंगाम मुंबईतच घालवा, आणि बोट न घेता. इथे शिडाच्या बोटी साधारण ऑक्टोबर ते मे पाण्यात असतात, पावसाच्या तोंडावर त्या वर काढतात. कुलाब्याकडच्या क्लबांच्या शर्यती सुटीच्या दिवशी होतात आणि शर्यतीच्या बोटीला माणसं नेहमी कमी पडतात. वेळेवर येणारा, सांगितला तोच दोर ओढणारा आणि शेवटी शिडं नीट घडी करून ठेवणारा माणूस असेल, तर त्याला दुसऱ्या आठवड्यात आपणहून बोलावणं येतं. निदान वीस दिवस असे काढा. त्यानंतर पाच दिवसांचा, बोटीवरच राहून करायचा आरवायए या ब्रिटिश संस्थेचा डे स्किपर, म्हणजे नवशिक्या कप्तानाचा, कोर्स करा. पुढे विमा घेताना आणि बोट भाड्याने घेताना हेच प्रमाणपत्र मागतात.

या कोर्सला वहिनींनीही यायचं, आणि तुमच्याबरोबर एकाच बोटीवर नको. नवऱ्याकडून गाडी शिकलेल्या कुठल्याही बाईला विचारा, कारण कळेल. "तू म्हणशील तसं" हा आम्हाला होकार वाटत नाही. दोघंच असताना एक झोपला की दुसऱ्याकडे अख्खी बोट असते, तीही रात्री, तीन-तीन तास. त्यामुळे वहिनींना निदान एवढं एकटीने यायला हवं: इंजिन सुरू करणं, शीड उतरवणं, पाण्यात पडलेल्या माणसाकडे बोट वळवून आणणं, रेडिओवर आपली जागा अक्षांश-रेखांशात सांगणं, आणि रेडिओच्या संकटाच्या लाल बटणावरचं झाकण उचलून ते चार-पाच सेकंद दाबून धरणं. पाण्यात पडण्याचा सराव फेंडरला, म्हणजे बोटीच्या कडेला टांगतात त्या फुग्याला, बादली बांधून ती फेकून करायचा. तुम्ही त्या वेळी तोंड बंद ठेवून केबिनमध्ये बसायचं, कारण खरी वेळ येईल तेव्हा पाण्यात तुम्हीच असाल.

पोहण्यासाठी तुमच्या मुलुंडमध्ये कालिदास नाट्यमंदिराशेजारचा तरणतलाव आहेच. शर्यत जिंकायची नाही. सलवार-कमीज अंगावर असताना दोनशे मीटर आणि दहा मिनिटं नुसतं तरंगणं एवढं जमलं तरी पाण्याची भीती जाते. मात्र चालत्या बोटीतून पडलेला माणूस पोहून वाचतो या भ्रमात राहू नका. पाच नॉटने चाललेली बोट एका मिनिटात दीडशे मीटर पुढे जाते आणि लाटेत डोकं दिसेनासं होतं. म्हणून पडायचंच नाही. हार्नेस असलेलं १५० न्यूटनचं फुगणारं लाइफजॅकेट, डेकवर नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, मागपर्यंत ताणलेला पट्टा आणि हार्नेसपासून त्याला अडकवायचा छोटा दोर, टेदर, वापरा. रात्री केबिनच्या पायरीवर असतानाच टेदर अडकवायचा, बाहेर आल्यावर नाही.

मळमळीचं फार मनाला लावून घेऊ नका. लाँचमध्ये डिझेलचा वास, बसायला बाकडं आणि नजरेसमोर पुढच्याचं डोकं, मग होणारच. सुकाणू हातात आणि नजर क्षितिजावर असली की निम्म्या लोकांचं बरंच कमी होतं. अवोमिन किंवा स्टुजेरॉन घ्यायची तर आदल्या रात्री, उलटी सुरू झाल्यावर नाही. झोप किती येते ते आधी घरी सुटीच्या दिवशी घेऊन बघायचं. बीपी-शुगरची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून. खिशात आलेपाकाच्या वड्या ठेवा आणि पोट रिकामं ठेवू नका. पहिले दोन-तीन दिवस जड जातात, मग शरीर सरावतं. ज्यांचं सरावत नाही अशीही माणसं असतात, आणि वहिनी त्यातल्या आहेत का, हे घर विकायच्या आधी कळलेलं बरं.

आता नांगर. मुंबईकराला हा विषय बाहेरच्यांपेक्षा नीट कळायला हवा, कारण आपल्याकडे उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटर चढतं. समजा ओहोटीला तुम्ही तीन मीटर पाण्यात नांगर टाकला. नाळ पाण्यापासून एक मीटर वर. तीन अधिक एक, चार, त्याच्या पाचपट म्हणजे वीस मीटर साखळी सोडली आणि जेवून झोपलात. सहा तासांनी साडेचार मीटर पाणी चढलं. आता नाळेपासून तळापर्यंत साडेआठ मीटर आणि साखळी तीच वीस मीटर, म्हणजे जेमतेम सव्वादोनपट. साखळी तळावर आडवी पडलेली असायला हवी, ती तिरकी उचलली जाते, नांगराचा दांडा वर येतो, आणि नांगर रुतून न राहता नांगरणी करत निघतो. बोट घसरते, तीही बरोबर रात्री अडीच वाजता. म्हणजे हिशोब कायम भरतीच्या पाण्यावर करायचा. साडेआठच्या पाचपट, साडेबेचाळीस मीटर. वारा वाढणार असेल तर सातपट. उलटी चूकही होते. भरतीला पाच मीटर बघून नांगर टाकला, ओहोटीला अर्धा मीटर उरलं आणि बोटीचा कील (तळाखालचा जड पंख) पावणेदोन मीटर खोल, झालं, बोट आडवी. भांगाच्या दिवसांत एवढा फरक पडत नाही, म्हणून तिथी आणि भरतीचं कोष्टक बघितल्याशिवाय जागा ठरवायची नाही.

३६ फुटी बोटीला वीसेक किलोचा नांगर आणि दहा मिलिमीटरची साठ मीटर साखळी धरा. तिचं वजनच जवळजवळ १४० किलो होतं, तेव्हा साखळी ओढायला विजेवर चालणारा रहाट, विंडलास, लागणारच. मुंबई बंदराचा तळ मऊ चिखलाचा आहे. त्यात नांगर टाकल्या टाकल्या रिव्हर्स मारला तर तो लोण्यातून सुरी निघावी तसा निघून येतो. पंधरा-वीस मिनिटं त्याला बुडू द्या, मग इंजिन हळूहळू रिव्हर्समध्ये वाढवा, आणि किनाऱ्यावरच्या दोन ठळक खुणा एका रेषेत धरून ठेवा. रेषा मोडली म्हणजे बोट सरकतेय. फोनवरचा अलार्म लावाच, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

हंगामाच्या शेवटी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, कुणाच्या तरी बोटीवर मुंबई-गोवा करा. साधारण सव्वादोनशे नॉटिकल मैल. शाळेत पाठ केलेले खारे वारे आणि मतलई वारे तिथे अंगावर येतात: पहाटे जमिनीवरून मतलई, दहा-अकराला सगळं थंड, दुपारनंतर वायव्येचा जोर, सूर्यास्ताला पुन्हा ढिला. जाताना हा वायव्येचा वारा पाठीवर असतो, म्हणून मुरूड, जयगड, विजयदुर्ग असे मुक्काम करत माणूस मजेत गोव्याला पोचतो आणि आपल्याला सगळं येतं असं त्याला वाटतं. परत या म्हणजे समजेल. तोच वारा तोंडावर, बोट कललेली, प्रत्येक लाटेला आपटणारी, आणि दिवसभर झगडून नकाशावर वीस मैल. दोघांनी परतीचा प्रवास केल्यावरही मन तेच राहिलं, तर पुढचं बोलू.

या वाटेवर रात्री मोठा त्रास जाळ्यांचा. किनाऱ्याजवळ डोल जाळी खुंटांना बांधलेली असतात, बाहेर वागुऱ्या मैलमैल पसरलेल्या, कधी बांबूवर लुकलुकता दिवा, कधी नुसतंच फडकं. होड्यांवर एआयएस, म्हणजे आपली जागा इतर जहाजांना कळवणारं यंत्र, असेलच असं नाही. वीस-पंचवीस मैल बाहेरून गेलात तर जाळी थोडी कमी होतात, पण मोठी जहाजं वाढतात. जाळं पंख्यात गेलं तर इंजिन ताबडतोब बंद करा, गिअर पुढे-मागे करून सुटेल म्हणून खेळू नका, त्याने शाफ्टच निखळू शकतो. शिडावर दूर जा, उजाडू द्या, मग कमरेला दोर बांधून दातेरी सुरीने कापा. आणि ते जाळं कुणाचं तरी महिन्याचं पोट आहे, तेव्हा मालक होडी घेऊन आला तर हुज्जत न घालता भरपाईचं बोला.

आता बोट. परदेशातली बोट भारतात कायमची आणायची तर आयातशुल्क आणि जीएसटी मिळून किमतीच्या निम्म्याहून जास्त भुर्दंड पडतो. तुमचा हेतू फिरण्याचाच असेल तर ती भारतात आणायचीच कशाला? मलेशियातलं लंकावी आणि थायलंडचं फुकेत इथे जुन्या यॉट विकायला असतात. दोन्हींत अंतर फक्त सव्वाशे मैलांचं, मधे बेटंच बेटं, रोज संध्याकाळी नांगर टाकायला जागा, आणि नोव्हेंबर ते एप्रिल वारा सौम्य. पहिल्या वर्षासाठी याहून चांगली शाळा नाही. तिथे एक हंगाम काढा, मग श्रीलंका, मालदीव, कोची यांचा विचार करा. कोचीत बोलगाट्टीला मरीना आहे, आपल्याकडे मुंबईत अजून मूरिंग (पाण्यातल्या बोयाला बोट बांधणं) आणि लाँचवरच भागवावं लागतं.

३६ फूट ठीक, ३३ ही पुरेल. कोणत्या कंपनीची यापेक्षा कोणत्या अवस्थेतली, हे महत्त्वाचं. सर्व्हेयरला पैसे देऊन बोट पाण्याबाहेर काढून तपासल्याशिवाय इसार द्यायचा नाही, आणि सर्व्हेयर विकणाऱ्याने सुचवलेला नको. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारा दहा-बारा वर्षांच्या झाल्या असतील तर बदलायचा खर्च किमतीतून आत्ताच वजा करा, बहुतेक विमा कंपन्या त्याशिवाय पुढे बोलत नाहीत. तारेच्या टोकाशी जिथे ती फिटिंगमध्ये शिरते, तिथे गंजाचा तपकिरी ओघळ किंवा तुटलेला एक धागा दिसला तरी ती तार गेली समजा.

तळातल्या प्रत्येक भोकावर व्हॉल्व्ह असतो, सीकॉक. मागच्या मालकाने पैसे वाचवायला प्लंबिंगच्या दुकानातला पितळी बॉल व्हॉल्व्ह लावलेला असू शकतो. समुद्राच्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं आणि मागे ठिसूळ तांबं उरतं. नखाएवढी जागा खरवडून बघा, पिवळी चमक न दिसता गुलाबी दिसलं तर तो व्हॉल्व्ह बिस्किटासारखा तुटू शकतो. ब्राँझचा बसवा. प्रत्येक सीकॉकला मापाचा मऊ लाकडी गुट्टा सुतळीने बांधून ठेवा, कारण पाणी येत असताना तो शोधायला वेळ नसतो.

डिझेल इंजिनाची भीती बाळगू नका, पण एक काम डोळे मिटून यायलाच हवं: समुद्राचं थंड पाणी ओढणाऱ्या पंपातला रबरी इम्पेलर बदलणं. प्लास्टिकची पिशवी ओढली गेली किंवा सीकॉक उघडायचा राहिला की पंप कोरडा फिरतो आणि थोड्याच वेळात रबराची पाती झडतात. आधी सीकॉक बंद करा आणि इंजिनाची किल्ली त्याच्याच दांड्याला टांगा, म्हणजे बंद सीकॉकवर कुणी इंजिन चालू करणार नाही. पंपाखाली फडकं पसरा, नाहीतर झाकणाचा एखादा स्क्रू बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या अगदी तळाच्या खोलगट जागेत, जाणारच. जुना इम्पेलर बाहेर आला की पाती मोजा. एक कमी असेल तर ती पुढे नळीत किंवा हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकलेली असते. ती काढली नाही तर नवा इम्पेलर घालूनही इंजिन तापत राहील आणि तुम्ही भलत्याच ठिकाणी दोष शोधत बसाल. नव्याला ग्लिसरीन किंवा भांड्यांचं लिक्विड चोळा, ग्रीस नको, त्याने रबर फुगतं. पाती फिरण्याच्या उलट दिशेला वाकवून बसवा, कागदी गॅस्केट नवी घाला, सीकॉक उघडा, इंजिन चालू करा आणि मागे जाऊन बघा, अर्ध्या मिनिटात एक्झॉस्टमधून पाणी पिचकारायला हवं. असे चार इम्पेलर, दोन बेल्ट आणि डझनभर डिझेल फिल्टर बोटीवर असू द्या. डिझेलच्या टाकीच्या तळाशी पाणी साठतं, त्यात शेवाळासारखी घाण वाढते, आणि लाटांनी टाकी घुसळली की ती फिल्टरमध्ये येते. म्हणून इंजिन बंद पडतं ते खवळलेल्या समुद्रातच, शांत पाण्यात नाही.

खरेदी मुंबईत स्वस्त, पण पारखून करा. दारूखान्यात तोडलेल्या जहाजांचे दोर, शॅकल, पुली मिळतात. त्यातलं बरंच तुमच्या बोटीला अवजड, आणि ज्या शॅकलवर भार कोरलेला नाही तो नांगराला लावू नका. नागदेवीला होज क्लिप घेताना पट्टी ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची आणि तिचा स्क्रूही ३१६ चाच आहे ना ते बघा, गंजतो तो स्क्रू. लोहार चाळीतली साधी तांब्याची वायर खाऱ्या हवेत वर्षभरात आतून काळी पडते, कल्हई केलेली मरीन वायर मागा.

विजेचा हिशोब असा: १२ व्होल्टवर फ्रिज दिवसाला पन्नास-साठ अँपिअर-तास खातो, ऑटोपायलट चोवीस तास चालला तर तेवढंच किंवा अधिक, बाकी दिवे-उपकरणं वीसेक. आपल्याकडच्या उन्हात १०० वॅटचं पॅनल दिवसाला साधारण तीस अँपिअर-तास देतं. म्हणजे ४०० ते ५०० वॅट लागेल, आणि पॅनलवर डोलकाठीची सावली पडली की हा हिशोब कोसळतो. लिथियम बॅटऱ्या बसवताना त्या थेट इंजिनाच्या अल्टरनेटरला जोडू देऊ नका, त्या एवढा करंट ओढतात की अल्टरनेटर जळतो. मधे डीसी-डीसी चार्जर हवा.

घरगुती गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर खिडकीतून न जाता बिल्जमध्ये साठतो आणि मग एक ठिणगी पुरे. सिलिंडर बाहेरच्या कप्प्यात, त्याला समुद्राकडे उघडणारं भोक, आणि प्रत्येक चहानंतर व्हॉल्व्ह बंद. प्रेशर कुकर मात्र बोटीवरचं सर्वांत उपयोगी भांडं. झाकण बसतं, सांडत नाही, गॅस आणि पाणी दोन्ही वाचतं. प्यायला-शिजवायला माणशी दिवसाला पाच लिटर धरा, त्यावर निम्मं जास्त, आणि सगळं एकाच टाकीत नको. पुठ्ठ्याचे खोके बोटीवर चढवायचे नाहीत, त्यांच्या घडीत झुरळांची अंडी येतात. सामान धक्क्यावरच पिशव्यांत ओता. कांदे आणि बटाटे वेगवेगळ्या जाळीत टांगा, एकत्र लवकर कुजतात. ताजी भाजी आठवड्यात संपते, मटकी-मूग भिजवून मोड आणणं कधी संपत नाही. मेतकूट, भाजणी, आमसुलं, पोहे, सगळं चालेल. सुके बोंबील मात्र घट्ट डब्यात, नाहीतर मळमळीची गोळीही हात टेकेल.

कागदपत्रांत एक गोष्ट लोकांना गोत्यात आणते. भारतात इरिडियम किंवा थुराया सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय बाळगणं बेकायदा आहे, आणि गार्मिन इनरीचसारखी हातातली उपकरणंही इरिडियमवरच चालतात. विमानतळावर अशा उपकरणापायी परदेशी पर्यटक अटकेत गेलेत. परदेशी बोटीवर ते वापरा, पण सुटीला घरी येताना बॅगेत आणू नका. कायदेशीर मार्ग बीएसएनएलच्या सेवेतून, दूरसंचार विभागाच्या परवानगीने जातो. संकटात खरा आधार ४०६ मेगाहर्ट्झचा ईपर्ब, म्हणजे उपग्रहाला संकटाचा संदेश पाठवणारं यंत्र. ज्या देशाचा झेंडा बोटीवर असेल त्या देशाचा कोड त्यात हवा आणि तिथेच नोंदणी हवी. भारतीय बोटीची नोंद बंगळुरूला इस्रोच्या केंद्रात होते. आपल्या किनाऱ्यावर बोटीच्या व्हीएचएफ रेडिओचं १६ नंबरचं चॅनेल आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा फोन.

पासपोर्ट साठ पानी काढा. व्हिसा बघताना देशाचं नाव बघून थांबू नका, तो कोणत्या बंदरावर चालतो तेही वाचा, कित्येक ई-व्हिसा फक्त विमानतळांवर चालतात.

वर्षभर बाहेर राहणार असाल तर घर भाड्याने द्या. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवा, पोलिसांना भाडेकरूची माहिती द्या, सोसायटी बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच घेऊ शकते, हे लक्षात असू द्या. मुलीच्या नावाने नोंदणीकृत मुखत्यारपत्र आणि दोघांचं मृत्युपत्र करून ठेवा. बोटीच्या किमतीच्या साधारण दहा टक्के दरवर्षी डागडुजीला, आणि दोन जणांच्या तातडीच्या विमानतिकिटांची रक्कम वेगळ्या खात्यात, तिला हात लावायचा नाही. परदेशी पैसे पाठवायची माणशी वार्षिक मर्यादा अडीच लाख डॉलर, हे बँकवाल्याला सांगायला नको. पण बँकवालेही विसरतात ती गोष्ट म्हणजे ओटीपी. भारतातला नंबर रोमिंगवर जिवंत ठेवा. प्रीपेड नंबर ९० दिवस पडून राहिला तर बंद होऊ शकतो, मग दुसऱ्या कुणाला मिळतो, आणि तुमचं खातं लंकावीच्या धक्क्यावरून उघडता येत नाही. नोव्हेंबरातलं पेन्शनचं जीवन प्रमाणपत्र निघायच्या आधी एकदा मोबाईलवरून करून बघा. मेडिक्लेम बहुधा भारताबाहेर चालत नाही, बाहेरचा वेगळा घ्यावा लागेल. दोघांचे दात निघायच्या आधी दाखवून घ्या.

आता आई. ७९ व्या वर्षी त्यांना मुलीकडे किंवा भावाकडे "ठेवून" निघणं, आणि त्यांना विचारून, कुठे राहायचं ते त्यांनाच ठरवू देऊन निघणं, यात फरक आहे. आम्ही असतो तर त्या आहेत तोवर वर्षातले चार महिनेच बोटीवर काढले असते, डिसेंबर ते मार्च. बोट उरलेले आठ महिने लंकावीच्या यार्डात पाण्याबाहेर उभी राहील, तिला काही होत नाही. या पद्धतीत घर लागतंच, नोकरी सोडणं चालतं, आणि वहिनींना मे महिन्यात आपल्या गॅलरीत बसता येतं. पुष्कळ बोटवाले असंच करतात, सांगत नाहीत.

कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून एकट्याने जगप्रदक्षिणेला निघाले आणि १९ मे २०१० ला परतले. नौदलातला माणूस, तरी तयारीत तीन वर्षं गेली, आणि त्याआधी गोव्यात बांधलेली आपली बोट म्हादेई मॉरिशसला नेऊन तिथून एकट्याने परत आणली, ती मोठ्या प्रवासाची रंगीत तालीम. तुमच्याकडे मार्च ते नोव्हेंबर आठ महिने आहेत.

राहिलं नाव. अडचणीत रेडिओवर ते तीनदा म्हणावं लागतं, आणि ऐकणारा अधिकारी मराठी नसेल. दोन-तीन अक्षरांचं, जोडाक्षर नसलेलं, इंग्रजीत एकाच पद्धतीने लिहिलं जाईल असं ठेवा. "दर्यावर्दी" ऐकायला छान आहे, पण परदेशातल्या प्रत्येक कस्टम कार्यालयात तुम्हाला ते स्पेलिंग करून सांगावं लागेल. आईंचं नाव काय आहे?